वहीतला तिसरा रकाना

आमच्या मुलुंडच्या इमारतीत इंटरनेट आलं ते गच्चीवरून. केबलवाल्याने शेजारच्या इमारतीच्या टाकीपासून आमच्या टाकीपर्यंत वायर ओढली, जिन्यात पत्र्याच्या पेटीत एक स्विच बसवला आणि ज्यांनी पैसे भरले त्यांच्या खिडकीतून एकेक वायर आत सोडली. साल २००२. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या होत्या. एका संध्याकाळी बाहेरच्या खोलीतला प्रिंटर एकदम घरघरायला लागला. कॉम्प्युटरला कुणी हात लावला नव्हता. मी कणकेच्या हातांनी बाहेर आले तोवर दोन पानं ट्रेमध्ये पडली होती. सह्याद्रीतले घाट, प्रत्येक घाटातून कुठला रस्ता जातो त्याची यादी, खाली शाळेचं नाव. मागच्या गल्लीतल्या एका मुलीने आपला भूगोलाचा प्रकल्प छापायला दिला होता आणि तिच्या यादीत आमचा प्रिंटर सगळ्यात वर होता.

पानं मी तिला नेऊन दिली. परत येऊन मशीन नीट बघितलं तेव्हा कळलं की फक्त प्रिंटर नाही, अख्खी सी ड्राइव्ह शेअर केलेली आहे, पासवर्डशिवाय. मशीन जोडून देणाऱ्याने 'पुढे लागेल' म्हणून खूण करून ठेवली होती. बाबांची बँकेची पत्रं, त्यांच्या पेन्शनचे अर्ज, सगळं त्या पत्र्याच्या पेटीला जोडलेल्या प्रत्येक घराला उघडता येत होतं.

त्याला आता वीस वर्षांहून जास्त काळ झाला. पोटापाण्यासाठी मी घाटकोपर, मुलुंड, अंधेरीतल्या लहान ऑफिसांची मशीन सांभाळते, आणि घरी एक जुना डेस्कटॉप दिवसरात्र चालू असतो: फोटो, फाइली, गाणी, बाहेरून आत यायची वाट. या सगळ्यातून जे हाताला लागलं ते लिहिते आहे.

१. आपण सुरू केलं नाही, तेही चालू असतं

११ ऑगस्ट २००३ ला ब्लास्टर हा वर्म पसरायला लागला. त्या आठवड्यात आमच्या जिन्यातल्या प्रत्येक एक्सपी मशीनवर तीच खिडकी: साठ सेकंदांत कॉम्प्युटर बंद होईल, आणि आकडे उलटे उतरताहेत. वरच्या मजल्यावरच्या काकांना वाटलं व्होल्टेज कमी-जास्त होतंय, त्यांनी स्टॅबिलायझर बदलला. कुणी मेल उघडली नव्हती, कुठली सीडी घातली नव्हती. वर्म येत होता १३५ नंबरच्या पोर्टवर. तिथे विंडोजची आरपीसी ही सर्व्हिस कान लावून बसलेली असते. ती मी कधी सुरू केली नव्हती. मशीन घेतलं त्या दिवसापासून ती चालूच होती. त्या भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने १६ जुलैला देऊन ठेवला होता. सव्वीस दिवस आमच्यापैकी कुणी तो घातला नाही, आणि आता घालायला जावं तर तो उतरून पूर्ण व्हायच्या आत मशीन बंद. शेवटी 'शटडाउन -ए' टाइप करून मोजणी थांबवायची, मग पॅच उतरवायचा, असं करत मी एका रविवारी सात घरं फिरले.

त्याच वर्षी २५ जानेवारीला एसक्यूएल स्लॅमर येऊन गेला होता. अवघा ३७६ बाइटचा तुकडा, आणि दहा मिनिटांत जगातली बहुतेक कच्ची मशीन त्याने गाठली. त्यातल्या कितीतरी लोकांना आपल्या मशीनवर डेटाबेस सर्व्हर आहे याचाच पत्ता नव्हता. दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरच्या पोटातून तो आला होता.

तेव्हापासून नवं मशीन हातात आलं की मी आधी काळी खिडकी उघडते. विंडोज असेल तर 'नेटस्टॅट -एएनओ', लिनक्स असेल तर 'एसएस -टीयूएलपीएन'. ज्या ओळीपुढे 'लिसनिंग' लिहिलंय ती प्रत्येक ओळ म्हणजे एक सर्व्हिस, बाहेरून कुणी हाक मारतंय का याची वाट बघणारी. ही यादी वाचल्याशिवाय मी पुढचं काहीही ठरवत नाही.

२. वहीत तीन रकाने आखावेत

दोनशे पानी वही, मुलांच्या शाळेची असते तशी. प्रत्येक मशीनला एक पान. पहिला रकाना सर्व्हिसचं नाव, दुसरा पोर्ट, तिसरा 'कुणासाठी'. तिसऱ्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं. 'घरातले', 'ऑफिस', 'लागेल कधीतरी' असं लिहायचं नाही. 'आई, टॅबवर फोटो बघायला' असं लिहायचं.

हा रकाना मी २००६ च्या सुमारास सुरू केला आणि माझ्या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच ठरली. नाव लिहिता येत नसेल तर सर्व्हिस बंद. नाव लिहिता आलं तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. आईला फोटो घरात बसूनच बघायचे असतील, तर ती सर्व्हिस घराबाहेर दिसायचं कारणच नाही. भावाला बोरिवलीहून फाइली हव्या असतील, तर त्याच्यासाठी वाट काढायची, पण त्याच्या एकट्यासाठी. पोर्ट कुठला, सॉफ्टवेअर कुठलं, फायरवॉल कशी, हे सगळं माणूस ठरल्यावरचं बोलणं आहे. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी सॉफ्टवेअर बसवतात, ते चाललं याचा आनंद होतो, आणि ते कुणाला दिसतंय हा प्रश्न राहून जातो.

३. प्रोसेस बघून भागत नाही, पोर्ट बघावा

जुहूला गुलमोहर रस्त्यावर एनसीएसटी होतं. आता तिथे सी-डॅक आहे. १९९८ मध्ये मी तिथे कोर्स केला. मुलुंडहून घाटकोपर, तिथून ३४० नंबरची बस धरून अंधेरी, मग पुन्हा बस किंवा रिक्षा. आजची घाटकोपरची मेट्रो तेव्हा नव्हती. ज्या मशीनवर शिकत होतो त्यांचा इतिहास आम्हांला तिथेच कळला: १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात या इमारतीतून पवईच्या आयआयटीशी टेलिफोनच्या तारेवरून ईमेल सुरू झाली, आणि देशाची बाहेरच्या नेटवर्कशी जोडणीही इथूनच झाली, सेकंदाला ९,६०० बिट्सच्या लाइनवर. त्या कामातला वाटा म्हणून संस्थेचे डॉ. एस. रमणी यांना २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

जे नेटवर्क तिथे उभं राहिलं ते एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांचं होतं, आणि त्या काळच्या सर्व्हिस तशाच होत्या. 'फिंगर'ला विचारलं की मशीनवर आत्ता कोण बसलंय ते तो सांगायचा. 'डेटाइम' कुणालाही वेळ सांगायचा. टेलनेटवर पासवर्ड उघडाच तारेवरून जायचा. हे सगळं एका फाइलमध्ये लिहिलेलं असे, आयनेटडी डॉट कॉन्फ. आयनेटडी हा एकच प्रोग्राम सगळ्या पोर्टांवर कान ठेवून बसे आणि हाक आली की त्या त्या सर्व्हिसला उठवे. सोळा मेगाबाइट मेमरीच्या मशीनवर दहा सर्व्हिस सतत जाग्या ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून ही सोय. शिवाय कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, हे एका जागी लिहिता येई.

शिकवणाऱ्या सरांनी एका दुपारी ती फाइल पडद्यावर उघडली आणि एकेक ओळीपुढे # ही खूण टाकत गेले. 'चारजेन'पाशी थांबले. ही सर्व्हिस विचारणाऱ्याकडे अक्षरांची माळ सोडते, आणि 'इको' आलेलं तसंच परत पाठवते. कुणी खोट्या पत्त्याचं एक पॅकेट पाठवून एका मशीनच्या चारजेनची गाठ दुसऱ्याच्या इकोशी घालून दिली, तर दोन्ही मशीन एकमेकांवर अक्षरं फेकत राहतात, कुणी थांबवेपर्यंत. दोन्ही सर्व्हिस निरुपद्रवी, दोन्ही चालू कारण कुणी बंद केल्या नव्हत्या. सर पुढे गेले. तासाच्या शेवटी फाइलमध्ये # नसलेल्या दोनच ओळी उरल्या.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली, जी आजही लोकांच्या लक्षात येत नाही. आयनेटडीखाली असलेली सर्व्हिस चालू प्रोसेसच्या यादीत दिसतच नाही. हाक येईपर्यंत ती झोपलेली असते, पण दार उघडं असतं. आजच्या लिनक्समध्ये हेच काम सिस्टमडी करतो. उबुंटूच्या २२.१० पासून तर दुरून मशीनवर शिरू देणारा एसएसएच सर्व्हरही असाच हाकेवर उठू लागला, आणि जुन्या सवयीने त्याच्या फाइलमध्ये पोर्ट बदलणाऱ्यांना आपला बदल लागूच झाला नाही हे उशिरा समजलं.

मग कुठली सर्व्हिस सतत जागी ठेवावी आणि कुठली हाकेवर? माझं मत सरळ आहे. जी रोज शंभरदा लागते आणि जिच्या नोंदी मला सलग बघायच्या असतात, ती जागी. जी आठवड्यातून एकदा लागते, उदाहरणार्थ भावाच्या मशीनचा बॅकअप उतरवून घेणारी, ती हाकेवर. आणि वर्षातून एकदा लागणारी सर्व्हिस बंदच. लागेल तेव्हा हाताने सुरू करायला अर्धा मिनिट लागतो.

४. किती लांबून ऐकू येतं ते पत्ता ठरवतो

नेटस्टॅटच्या ओळीत पोर्टच्या आधी एक पत्ता असतो. १२७.०.०.१ असेल तर सर्व्हिस फक्त त्याच मशीनचं ऐकते. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर घरातल्यांचं. ०.०.०.० असेल तर कुठूनही आलेलं. बहुतेक सॉफ्टवेअर बसवलं की ०.०.०.० वरच ऐकायला लागतं, कारण त्यामुळे 'चालत नाही' अशी तक्रार येत नाही. पत्ता आवळायला सेटिंगमध्ये एक ओळ बदलावी लागते, तेवढंच.

सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात बंद करून चालवणाऱ्या डॉकरने मला इथे चांगलाच धडा दिला. फोटोंचं सॉफ्टवेअर मी डॉकरमध्ये घातलं, ८०८० पोर्ट दिला आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये तो पोर्ट बंद ठेवला. फायरवॉल विचारली तर सांगे, बंद आहे. शेजारच्या लॅपटॉपवरून मात्र फोटो उघडत होते. डॉकर स्वतःचे नियम थेट कर्नलच्या तक्त्यात लिहितो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातो. पोर्ट देताना '१२७.०.०.१:८०८०:८०' असं पूर्ण लिहिलं तरच तो आत राहतो. फायरवॉल आहे या भरवशावर मी महिनाभर निर्धास्त होते. म्हणून आता सर्व्हिस आधी पत्त्यावरच आवळते, फायरवॉल त्याच्यानंतर.

५. कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा

२०१८ मध्ये सोसायटीच्या ऑफिसच्या इंटरनेट कनेक्शनवर मेसेज आला की तुमच्या जोडणीवर बॉटनेटची लागण दिसते. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, त्याच्याकडून इंटरनेट कंपन्यांमार्फत अशा सूचना येतात. सेक्रेटरींना तो मेसेज फसवणुकीचा वाटला. मी जाऊन बघितलं, तर ऑफिसात कॉम्प्युटर एकच, आणि तो स्वच्छ. लागण होती ती कपाटावर ठेवलेल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला. कमिटीतल्या मंडळींना मोबाइलवर गेट दिसावं म्हणून बसवणाऱ्याने तो राउटरमधून बाहेर उघडून दिला होता, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच.

मिराई नावाच्या बॉटनेटने २०१६ मध्ये असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखांनी गोळा केले होते. त्याच्याकडे साठएक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या. ॲडमिन-ॲडमिन, रूट-१२३४५६ या जातीच्या. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या फौजेने डाइन या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन् तास उघडेनात. कुठल्यातरी इमारतीच्या कपाटावरची, धूळ खाणारी डबी त्या माऱ्यात सामील होती आणि तिच्या मालकाला ते कळलंही नसेल. आमचा डीव्हीआर मी कोरा करून पुन्हा लावला, पासवर्ड बदलला, राउटरमधलं यूपीएनपी बंद केलं. यूपीएनपी चालू असलं की घरातली कुठलीही वस्तू न विचारता बाहेरचं दार उघडून घेऊ शकते.

६. ऑफिस घरी आणायचं तर वाट वेगळी काढावी

२४ मार्च २०२० च्या रात्री आठला लॉकडाउन जाहीर झालं. घाटकोपरच्या एका सीए ऑफिसात टॅलीचं मशीन एक, आणि ते चालवणारी मुलं डोंबिवली, कळवा, विरारला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी राउटरमध्ये ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडून दिला. काम सुरू झालं, सगळे खूश. मला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला की मशीन फार हळू चालतंय.

इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटीच्या नोंदी बघितल्या. ४६२५, ४६२५, ४६२५. लॉगिन फसलं की पडणारा हा नंबर. रात्रभर दर दोन-चार सेकंदांनी एक. नावं वाचत गेले: ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, युझर१, स्कॅन, मग 'अकाउंट्स', आणि मग 'टॅली'. तिथे माझा हात थांबला. आपल्या ऑफिसांत मशीनला कोणती नावं देतात हे त्या यादी करणाऱ्याला ठाऊक होतं. त्या ऑफिसातल्या एका मुलाच्या अकाउंटचा पासवर्ड होता त्याचं नाव आणि १२३. यंत्र तिथपर्यंत पोचायचं बाकी होतं. पोर्ट मी त्याच मिनिटाला बंद केला.

अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या ऑफिसात मला उशिरा बोलावलं गेलं. सकाळी मशीन उघडलं तर प्रत्येक फाइलला भलतंच शेपूट जोडलेलं, डेस्कटॉपवर बिटकॉइन मागणारी चिठ्ठी. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती त्याच मशीनला कायम जोडलेली, त्यामुळे तीही गेली. पैसे द्यायचे नाहीत असं मालकांनी ठरवलं, ते बरोबर होतं. मग तीन माणसांनी अकरा दिवस बसून कागदी व्हाउचरांवरून अख्ख्या वर्षाच्या नोंदी पुन्हा घातल्या. त्यांतल्या एका बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या मास्क लावून, पंखा बंद करून, पट्टी धरून एकेक ओळ वाचत होत्या. त्या खोलीत उभं राहिल्यावर ३३८९ हा आकडा मला नुसता आकडा वाटेनासा झाला.

घाटकोपरच्या ऑफिसात मी वायरगार्ड हे व्हीपीएन लावलं. योगायोग असा की ते ज्या लिनक्स कर्नलमध्ये पहिल्यांदा समाविष्ट झालं तो ५.६, त्याच लॉकडाउनच्या पहिल्या आठवड्यात, २९ मार्च २०२० ला बाहेर पडला होता. त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अनोळखी माणसाला ते उत्तरच देत नाही. 'पासवर्ड चुकला' असंही म्हणत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेच समजत नाही. प्रत्येक मुलाच्या लॅपटॉपची स्वतंत्र किल्ली, सर्व्हरवर प्रत्येकाची एकेक ओळ. जूनमध्ये एकाने नोकरी सोडली तेव्हा त्याची ओळ पुसली आणि विषय संपला. वाटेच्या आत शिरल्यावरच रिमोट डेस्कटॉप. तिसऱ्या रकान्यात पाच नावं, बाहेर उघडा पोर्ट एक.

अशा जोडणीसाठी बाहेरचा स्वतःचा पत्ता लागतो. उपनगरांतले बरेच इंटरनेटवाले अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात, म्हणून स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे भरावे लागले. ते भरावेत.

७. दुसऱ्या खिडकीतून आत शिरून बघितल्याशिवाय पहिली बंद करू नये

हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले, म्हणून तिथल्या टाटू युलोनेनने १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं आणि टेलनेटचा काळ संपायला सुरुवात झाली. पण एसएसएचवरही पासवर्ड ठेवला तर रात्रभर चाचपणी होतेच. किल्ली वापरावी आणि पासवर्डने आत येणं बंद करावं. हे करताना मी एकदा बोरिवलीला भावाच्या घरी बसून मुलुंडच्या मशीनची सेटिंग बदलली, खिडकी बंद केली आणि बाहेरच राहिले. किल्लीच्या फाइलची परवानगी चुकली होती. मुलुंड-बोरिवली सरळ लोकल नाही. दादरला उतरून पूल चढून मध्य रेल्वे गाठेपर्यंत दीड तास गेला. आता बदल करायचा तर जुनं सत्र चालू ठेवते, दुसऱ्या खिडकीतून आत येऊन बघते, मगच पहिलं सोडते. आणि किल्ल्या दोन. एक लॅपटॉपवर, एक कपाटात.

८. सर्व्हिस चालू ठेवली की तिचे पॅच घालणंही आपल्याकडे आलं

वॉनाक्राय १२ मे २०१७ ला पसरलं. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या ज्या भोकातून ते शिरत होतं त्याचा पॅच १४ मार्चला आलेला होता. दीड महिन्याने, २७ जूनला, नॉटपेट्या आलं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते सुटलं, आत शिरल्यावर इतर वाटांबरोबर तेच भोक वापरत सुटलं, आणि मर्स्क समूहाची मशीन बंद पडली. त्याचा फटका थेट आपल्याकडे बसला: न्हावा-शेव्याला जेएनपीटीतल्या त्या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. तीन महिन्यांपूर्वीचा पॅच काही मशीनवर नव्हता, आणि खाडीपलीकडे कंटेनर अडकले.

माझ्या घरी मी एसएमबीची, म्हणजे त्याच फाइल शेअरिंगची, जुनी पहिली आवृत्ती बंद केली त्या दिवशी स्कॅनर थांबला. त्याला फक्त तीच भाषा येत होती. बाबांना औषधांचे कागद स्कॅन करून ठेवायची शिस्त होती, त्यांची अडचण झाली. जुनी आवृत्ती त्यांच्यासाठी परत सुरू करावी का, यावर मी दोन दिवस विचार केला. मग स्कॅनरच्या पुढच्या खाचेत पेन ड्राइव्ह लावून दिला आणि त्यांना एक बटण दाखवलं. त्यांना ते उलट सोपं गेलं.

९. वीज जाऊन आल्यावर पुन्हा तपासावं, आणि बाहेरून तपासावं

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. यूपीएसने वीस मिनिटं धरलं आणि घरचं मशीन बंद पडलं. दुपारी वीज आली तसं ते आपोआप उठलं, सगळ्या सर्व्हिस सुरू झाल्या, मला बरं वाटलं. दोन दिवसांनी मी मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून घरच्या पत्त्याची चाचणी घेतली, तर फाइलींचा आणि फोटोंचा, दोन्ही पोर्ट उत्तर देत होते. फायरवॉलचे नियम मी हाताने टाइप केले होते, जतन केले नव्हते. मशीन नव्याने उठताना तक्ता कोरा होता.

राउटर मध्ये असूनही हे बाहेर दिसलं, कारण घराला आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत आली होती आणि तिच्यात प्रत्येक मशीनला बाहेरचा स्वतःचा पत्ता असतो. 'राउटरमागचं बाहेर दिसत नाही' ही समजूत जुन्या पत्त्यांपुरती खरी आहे. राउटरमध्ये आयपीव्ही६ ची फायरवॉल वेगळी असते, ती चालू आहे का ते बघावं लागतं. नोंदींमध्ये परका कुणी आलेला दिसला नाही. तरी त्या दोन दिवसांत आमच्या घरातले बाळंतपणापासूनचे फोटो रस्त्यावर होते, हे मी विसरू शकत नाही. आता सेटिंग बदलली की मशीन मुद्दाम बंद करून चालू करते, मग मोबाइल डेटावरून बघते.

१०. बॅकअप वेगळ्या रेल्वेवर असावा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कलिन्याच्या एका तळमजल्यावरच्या ऑफिसात सर्व्हर आणि त्याचा बॅकअप एकाच टेबलाखाली होते. म्हणून माझी एक डिस्क बोरिवलीला असते, एक मुलुंडला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अदलाबदल. डिस्क एनक्रिप्ट केलेली असते, कारण ती लोकलमधून जाते.

११. माणूस गेल्यावर

बाबांकडे कॅसेट होत्या, रेडिओवरून उतरवलेलं नाट्यसंगीत आणि गावच्या देवळातली कीर्तनं. २०१२ ते २०१४ मध्ये त्या मी एकेक करून कॉम्प्युटरवर घेतल्या. पुढे त्यांचं चालणं कमी झाल्यावर एक गाण्यांचा सर्व्हर लावला, पोर्ट ८०९६, म्हणजे पलंगावर पडल्या पडल्या टॅबवर हवं ते लावता यावं. वहीत तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'बाबा'. फक्त घरातल्या पत्त्यावर, फक्त त्यांच्या टॅबला.

२०२२ च्या जानेवारीत बाबा गेले. सर्व्हर चालू राहिला. दर महिन्याला मी त्याचे पॅच घालत होते, त्याच्या नोंदी बघत होते. शेवटची नोंद १४ तारखेची, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांची, एका कीर्तनाची, अर्ध्यावर थांबवलेली. वहीचं ते पान आलं की मी पुढे सरकत होते. इतर कुठल्याही सर्व्हिसला मी अशी सवलत दिली नव्हती.

दिवाळीच्या आवराआवरीत आईने विचारलं, "ती बाबांची कीर्तनं कुठे असतात गं? मला तो टॅब काही जमत नाही." मी त्याच संध्याकाळी सगळ्या फाइली एका पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरला लावून दिला. एक बटण पुढचं, एक मागचं. रात्री सर्व्हर बंद केला, काढून टाकला, नेटस्टॅट लावून ८०९६ ची ओळ गेल्याचं बघितलं आणि वहीत त्या ओळीवर पट्टी धरून रेघ मारली, बाजूला तारीख घातली. आई सकाळी सहाला चहा ठेवताना स्पीकर लावते. आवाज जिन्यापर्यंत जातो.